लेण्यातली पाकोळी: दार बसवण्याआधी आत कोण राहते ते बघा

मराठवाडा बसला आहे काळ्या पाषाणावर. चुनखडीचा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्यात लांबच लांब गुहा तयार होतात. आपला बेसाल्ट तसा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे निसर्गाने केलेल्या गुहा थोड्या आणि माणसाने छिन्नीने कोरलेल्या फार. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, घटोत्कच, औरंगाबादची लेणी, धाराशिवची लेणी, खरोसा, अंबाजोगाईचा हत्तीखाना, माहूरची पांडवलेणी. त्यात भर देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयाराची, नळदुर्ग-परांडा-औसा-उदगीर-कंधारच्या किल्ल्यांतल्या कोठारांची, गावोगावच्या बारवांची आणि ओस पडलेल्या वाड्यांच्या तळघरांची.

याचा सरळ अर्थ असा, की गुहेत राहणाऱ्या पाकोळ्यांचा, म्हणजे लहान वाघळांचा, इथला बहुतेक संसार माणसाने घडवलेल्या, माणसाच्याच ताब्यातल्या जागांत आहे. कुठे दार बसवायचे, कुठे दिवे लावायचे, कधी साफसफाई काढायची, हे ठरते तिथेच त्यांचे जगणे-मरणेही ठरते. आणि ठरवणाऱ्याला बहुधा आत कोण राहते, कोणत्या महिन्यात काय करते, याची कल्पना नसते. ती यावी म्हणून हा लेख.

उंदरासारखी शेपटी

मोठे ते वाघूळ, लहान ती पाकोळी, असा ढोबळ भेद आपण करतो. वडा-पिंपळावर लटकणारी मोठी वाघळे फळे खातात आणि डोळ्यांनी बघून उडतात. पाकोळी किडे खाते आणि कानांनी बघते. पाकोळ्यांच्या जाती पुष्कळ आहेत. त्यातली एक, कोरड्या मुलखाला सरावलेली, इथे जवळून बघू. शास्त्रीय नाव रायनोपोमा हार्डविकी. १८३१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. मराठीत तिला उंदीरशेपटी पाकोळी म्हणणे सोपे, कारण तिची खूणच ती आहे. बाकीच्या बहुतेक पाकोळ्यांची शेपटी दोन पायांमधल्या पातळ पडद्यात गुंतलेली असते. हिची शेपटी त्या पडद्याबाहेर मोकळी लोंबते, दोऱ्यासारखी बारीक आणि जवळजवळ अंगाएवढी लांब.

अंग सहा-सात सेंटिमीटरचे. वजन १० ते १५ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढे. दोन्ही कान कपाळावर कातडीच्या पट्टीने जोडलेले. नाकपुड्या म्हणजे दोन चिरा, आणि त्या तिला मिटता येतात. धुळीच्या प्रदेशात राहणाऱ्या जिवाला ही मोठी सोय आहे. तोंड, कंबर आणि पोटाचा खालचा भाग जवळजवळ बिनकेसांचा. ती नुसती उलटी लटकत नाही. अंगठ्याची नखे आणि पाय दगडात रुतवून भिंतीला चिकटून बसते आणि सरड्यासारखी सरपटते. फटीत मागे सरकताना शेपटीने चाचपडत जाते, अंधारात काठी टेकत चालावे तशी.

तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. हिच्या हाकेतला सर्वांत जोरकस स्वर ३२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. हाक समोरच्या किड्यावर आदळून परत येते आणि त्यावरून तिला अंतर कळते. मग थवाच्या थवा एकाच स्वरात ओरडू लागला तर आपला प्रतिध्वनी कोणता आणि शेजारणीचा कोणता? त्यावरचा तिचा उपाय सुरेख आहे. मदुराईकडच्या पाकोळ्यांच्या ध्वनिमुद्रणात दिसले, की एकटी उडताना ती ३२.५ वर हाक देते, आणि सोबत इतर असल्या की त्या आपापसांत ३०, ३२.५ आणि ३५ अशा पट्ट्या वाटून घेतात.

याच लेण्यांत नाकावर पानासारखी घडी असलेल्या पाकोळ्याही राहतात. त्यातल्या एका जातीचा स्वर १३० किलोहर्ट्झच्या आसपास. जितका स्वर उंच तितका तो हवेत लवकर विरतो. म्हणून पाननाकी पाकोळी झाडझुडपाजवळ, थोड्या अंतरावरचे किडे टिपते. उंदीरशेपटीची हाक लांब जाते, म्हणून ती मोकळ्या आभाळात उंचावर शिकार करते. तिचे उडणेही ओळखू येते: चार-सहा वेळा पंख मारायचे, मग तरंगत खाली यायचे, पुन्हा वर. लहान पक्षी उडाल्यासारखे वाटते.

राहण्याच्या आवडीतही फरक आहे. पाननाक्यांना आतली ओलसर, स्थिर हवा लागते. उंदीरशेपटीला कोरडी, उबदार, अगदी उन्हाळ्यात तापणारी जागाही चालते. तोंडाजवळच्या अर्धवट उजेडातही ती राहते. म्हणून एकाच लेण्यात पुढच्या ओवरीच्या कोपऱ्यात एक जात आणि मागच्या गाभाऱ्यात दुसरी असू शकते. ‘लेण्यात वाघळं आहेत’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. कुठल्या दालनात, छताच्या कुठल्या भागात, कुठली, हे बघावे लागते.

वर्षाचा हिशेब

सगळे घोटाळे इथे होतात, म्हणून हा भाग नीट वाचावा.

मीलन उन्हाळ्याच्या तोंडाशी. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, आणि ते जून-जुलैच्या सुमारास, पाऊस लागताना. ही वेळ नेमकी आहे. मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली वाळवी उठते, मुंग्या उडतात, हुमणीचे भुंगेरे बाहेर पडून बाभळी-कडुनिंबावर गोळा होतात. दूध पाजणाऱ्या आईला वर्षातले सर्वांत जास्त अन्न तेव्हाच मिळते. माद्या या काळात लेण्यातल्या सर्वांत उबदार कोपऱ्यात एकत्र येतात. ती त्यांची बाळंतिणीची खोली. पिल्लाला सुरुवातीला उडता येत नाही. स्वतः शिकार करून दूध सुटायला दोनेक महिने जातात.

पावसाळा संपताना किडे भरपूर असतात आणि पाकोळी चरबी साठवते. पोटाच्या खालच्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी कातडीखाली चरबीचे थर चढतात, अंग चांगले गुबगुबीत दिसते. थंडीत किडे कमी झाले की ती अंगाचे तापमान उतरवून सुस्त पडते आणि त्या शिदोरीवर दिवस काढते. इस्राएलमधल्या तिच्या सख्ख्या जाती तर भूगर्भातल्या उष्णतेने २० अंशांच्या आसपास राहणाऱ्या गुहांत महिनोन्महिने अशा झोपतात. आपली थंडी तेवढी लांब नाही, पण तत्त्व तेच. सुस्त पडलेल्या पाकोळीला उठवले, की थंड अंग पुन्हा गरम करायला तिला साठवलेली चरबी जाळावी लागते. डिसेंबर-जानेवारीत सहली येतात, प्रत्येक दालनात मोबाइलचे दिवे आणि आरडाओरडा. एकदा उठली तर निभते. रोज उठवली तर फेब्रुवारीपर्यंत शिदोरी पुरत नाही, आणि मेलेल्या पाकोळ्या कोपऱ्यात सापडल्या की ‘रोग आला’ असे म्हटले जाते.

तर वर्षात दोन काळ नाजूक: मे अखेर ते ऑगस्ट, पिल्लांसाठी, आणि डिसेंबर-जानेवारी, चरबीसाठी. आता सरकारी कामाचे वेळापत्रक आठवा. मार्चअखेर निधी येतो, एप्रिल-मेमध्ये ठेका दिला जातो, पाऊस लागायच्या आत दार-जाळ्या बसवून मोकळे व्हायचे. म्हणजे काम नेमके गरोदर माद्या गोळा झाल्यावर पुरे होते. कुणाचा वाईट हेतू नसतो, तरी वर्षाची सगळी पिल्ले आत कोंडून मरतात आणि वास सुटल्यावर कळते. तेच काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात केले तर पिल्ले उडती झालेली असतात आणि थंडी बसलेली नसते. फक्त तारीख बदलायची आहे, त्याला पैसा लागत नाही.

वर्षाला एकच पिल्लू, हा आकडाही विसरू नये. उंदरासारखी शेपटी असली तरी उंदरासारखी वीण नाही. दोनशेची वसाहत निम्मी झाली तर ती भरून यायला कितीतरी वर्षे लागतात.

एक साधा हिशेब करून बघा. १२ ग्रॅमच्या पाकोळीने रात्रीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे किडे खाल्ले तर ते ४ ग्रॅम होतात. पाचशे पाकोळ्यांचे २ किलो. पिल्लू पाजणारी मादी याहून जास्त खाते. तिच्या आहारात भुंगेरे, पतंग, वाळवी, उडत्या मुंग्या येतात. हुमणीचा भुंगेरा, हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग, कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग हे सगळे रात्रीच उडतात. मात्र फवारलेले किडे तिच्या पोटात गेले, की चरबीत विरघळणारी कीटकनाशके त्या चरबीच्या थरात साठतात आणि थंडीत चरबी जळते तेव्हा रक्तात उतरतात. शिदोरीतच विष.

दार कसे असावे

लेण्याला किंवा भुयाराला दार लावू नये असे नाही. दारू पिणारे, गुप्तधनासाठी खणणारे, भिंतींवर नावे कोरणारे यांना अडवलेच पाहिजे, आणि नीट केलेले दार पाकोळ्यांचेही रक्षण करते. चूक होते ती नमुन्यात. वेल्डिंगवाल्याला ‘ग्रील कर’ म्हटले की तो उभ्या सळयांचे, चार इंच अंतराचे ग्रील करतो. पाकोळीने पंख पसरले की रुंदी वीतभराहून जास्त होते. उभ्या सळयांमधून तिला पंख मिटल्याशिवाय जाता येत नाही आणि उडताना पंख मिटता येत नाहीत. ती ग्रीलवर बसते, सरपटत बाहेर येते, आणि तिथे मांजर किंवा गव्हाणी घुबड टपलेले असते.

म्हणून सळया आडव्या हव्यात. दोन आडव्या सळयांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर, आणि त्यांना धरणारे उभे अँगल एकमेकांपासून निदान ६० सेंटिमीटर लांब. पत्रा, वेल्डमेश, रोलिंग शटर यांतले काहीही लावू नये. यात नुसता वाटेचा प्रश्न नाही. तोंडातून हवा आत-बाहेर खेळते त्यावर आतले तापमान आणि ओल ठरते. तोंड पत्र्याने अर्धे झाकले तरी आतली हवा बदलते, आणि वाट मोकळी असूनही पाकोळ्या जागा सोडतात. दार शक्यतो अगदी तोंडाच्या चिंचोळ्या भागात बसवू नये. थोडे आत किंवा बाहेर, जिथे रुंदी जास्त आहे तिथे बसवावे. माणसासाठी कुलपाचा एक भाग उघडता ठेवावा, कारण आत कोणी अडकले तर काढता आले पाहिजे.

काही जातींना असे दारही मानवत नाही, विशेषतः वसाहत मोठी आणि वेगाने बाहेर पडणारी असेल तर. म्हणून लोखंड कापण्याआधी पीव्हीसी पाइप किंवा बांबूचे त्याच मापाचे खोटे दार सुतळीने बांधावे आणि चार-पाच संध्याकाळी बघावे. पाकोळ्या दोन-तीन घिरट्या घालून निघून जात असतील तर चालेल. तोंडाशी येऊन पुन्हा पुन्हा आत वळत असतील, किंवा बाहेर पडायला आधीच्या दिवसांपेक्षा बराच उशीर लागत असेल, तर ते दार त्याच संध्याकाळी सोडावे आणि तोंडापासून लांब कुंपण घालावे.

दिव्यांचेही असेच. किल्ल्यांवर रोषणाई होते, प्रखर झोत तटावर मारले जातात. झोत नेमका पाकोळ्यांच्या तोंडावर असेल तर त्या अंधार दाटायची वाट बघत आतच थांबतात, आणि सर्वांत जास्त किडे दिवस मावळतानाच उडतात. पाऊण तास उशीर म्हणजे अर्धे जेवण हुकले. झोत वळवावा, तोंडाभोवतीचा भाग काळोखात ठेवावा. दालनात दिवा लावणे भागच असेल तर तो पायाशी, झाकलेला, खाली बघणारा आणि पिवळसर असावा.

आणि धूर कधीही करू नये. मशाल, मधाचे पोळे काढायचा पेंढा, फटाके, धुपाटणे, काहीही. धूर वर चढतो आणि छतालाच थांबतो, जिथे त्या बसलेल्या असतात.

काढायच्याच असतील तर

चित्रे असलेल्या भिंतीवर पाकोळ्या नकोत, हे मान्य केले पाहिजे. लघवी-लेंडीने रंग आणि गिलावा खराब होतो. अजिंठ्यासारख्या ठिकाणी त्याबद्दल तडजोड नाही. राहत्या माळवदाच्या घरातही कुणी लेंड्या सहन कराव्यात अशी अपेक्षा करता येत नाही. पण काढण्याची रीत आहे. डांबरगोळ्यांनी त्या जात नाहीत, घरातल्यांनाच वासाचा त्रास होतो.

आधी खात्री करा की पाकोळीच आहे. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट, उंदराच्या लेंडीसारखीच दिसते. कागदात घेऊन वरून चमच्याने दाबा. उंदराची कडक असते, फुटली तरी तुकडे पडतात. पाकोळीची लगेच भुगा होते, आणि तो भुगा उजेडात धरला की त्यात चमचम दिसते: भुंगेऱ्यांच्या पंखांचे आणि पायांचे कण, काही तांबूस, काही हिरवट काळे.

मग संध्याकाळी बाहेर पडायची वाट शोधा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या भोकावर बारीक, मऊ जाळी टांगा: वरची बाजू आणि दोन्ही कडा घट्ट ठोकलेल्या, खालची बाजू मोकळी, भोकाच्या खाली हातभर लोंबणारी. पाकोळी सरपटत खालून बाहेर पडते; परत येताना ती थेट भोकावर येते आणि तिला आत जाता येत नाही. सलग सात रात्री जाळी राहू द्या, आठव्या संध्याकाळी कोणी बाहेर पडत नाही हे बघा, मगच भोक चुन्याने बुजवा. करंगळी जाईल एवढी फटही सोडू नका. जवळपास दुसरी अंधारी जागा मोकळी असली पाहिजे, नाहीतर त्या शेजारच्या घरात जातील आणि भांडण वाढेल.

लेंडी काढताना कोरडा झाडू मारू नये. साठलेल्या लेंडीत एक बुरशी वाढू शकते, तिचे कण श्वासातून फुप्फुसात गेले तर हिस्टोप्लाज्मोसिस होतो. पाणी शिंपडून ओले करावे, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, पोत्यात भरून शेतात मातीआड टाकावे. नत्राचे चांगले खत आहे ते. खतासाठी लेण्यातून लेंडी खरडायची तर तीही नाजूक महिने टाळून, आणि एका दिवसात उरकून.

आजारांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या होत्या. त्यावरून वसाहती जाळणे हा उपाय होत नाही. हुसकलेली वाघळे पांगतात आणि माणसाशी संबंध उलट वाढतो. नियम साधा आहे: उघड्या हाताने स्पर्श नाही, वसाहतीखाली बसून जेवण नाही. चावलीच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. वाघळाच्या तेलाने सांधे बरे होतात, ही समजूत मात्र कायमची सोडावी.

मोजणी

रक्षण करायचे तर आकडा हवा, आणि तो आत न शिरता मिळतो. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटे आधी तोंडाच्या बाजूला, पाच-दहा मीटरवर, त्यांच्या वाटेतून हटून बसावे. आभाळ पाठीमागे येईल अशी बाजू निवडावी, म्हणजे काळ्या आकृत्या दिसतात. हातात मोजयंत्र, बाहेर पडली की एक, परत शिरली की वजा. तासभर मोजावे, दोघांनी वेगवेगळे, आणि लागोपाठ तीन संध्याकाळी. बॅट डिटेक्टर, म्हणजे पाकोळीची हाक आपल्याला ऐकू येईल अशी करणारे यंत्र, असेल तर ३२ किलोहर्ट्झवर लावून ठेवला की उंदीरशेपटी जाताना टिकटिक ऐकू येते. तारीख, वेळ, वारा, पाऊस वहीत लिहावे. दरवर्षी दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरचा आकडा एप्रिलपेक्षा चांगला वाढलेला नसेल तर त्या वर्षी पिल्ले गेली, आणि जून-जुलैत तिथे काय घडले ते शोधायला हवे.

उंदीरशेपटी पाकोळी जगाच्या पातळीवर धोक्यात नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ती ‘कमी चिंतेची’ आहे. पण गुहेत राहणाऱ्या जातीचे सगळे काही एका जागेवर अवलंबून असते, आणि ते किती टोकाला जाऊ शकते हे शेजारच्या कर्नाटकात दिसते. कोलार जिल्ह्यातल्या हनुमनहळ्ळीजवळ एका गुहेत पाननाकी पाकोळीची एक जात राहते, १९९४ मध्ये वर्णन झालेली. तिची ज्ञात संख्या दोनशेच्याही आत. भोवती ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. ती एक गुहा गेली असती तर जातच संपली असती.

आपल्याकडे नवे संकट आभाळातही आहे. बीड-धाराशिवच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि उंदीरशेपटी उंचावर उडणारी. पाकोळ्या मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, आणि तेव्हा वीजही थोडीच तयार होते. अमेरिकेतल्या प्रयोगांत वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर होईपर्यंत पाती थांबवून ठेवली तर पाकोळ्यांचे मृत्यू साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. वसाहतीजवळच्या चक्क्यांना निदान जून ते सप्टेंबर हे लावून बघण्यासारखे आहे.

कायद्यात आता एवढे झाले आहे, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यातली ‘उपद्रवी प्राणी’ ही अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. फळे खाणारी वाघळे तोवर त्या यादीत, उंदरांच्या पंगतीत होती.

जून-जुलैत लेण्याच्या फरशीवर पडलेले पिल्लू दिसले तर: गुलाबी, बिनकेसांचे, बोटाच्या पेराएवढे. जाड फडक्यात उचला. खोक्यात खरबरीत सुती कापड उभे टांगून त्याला धरू द्या. दूध पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. संध्याकाळी कापडासकट त्याच भिंतीला, मांजर पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर लावा आणि दिवे बंद करून लांब व्हा. आई पिल्लाचा आवाज ओळखते. पहाटे ते तिथेच असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.